चौथं अंडं

सरांच्या लेन्सचा पट्टा मानेला लागला तेव्हा तो ओला होता. सर एसी गाडीतून नुकतेच उतरले होते, म्हणजे तो घाम आजचा नव्हता. पट्ट्याला खोबरेल तेलाचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास येत होता. मी तो मानेवरून काढून मनगटाला गुंडाळला. सर म्हणाले, "गळ्यात घाल बेटा, पडली तर परत मिळायची नाही." मी पुन्हा गळ्यात घातला. त्या दिवशी मला जे जे सांगण्यात आलं ते सगळं मी केलं, हे आधीच लिहून टाकते.

मला एक लेन्स निवडायची होती. स्टँड न वापरता, चालता चालता थांबून, नुसत्या हातावर धरून लांबचा पक्षी टिपता येईल अशी. मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, घर नांदेडला. शनिवारी दुपारी बस धरली की वाटेत लोह्याच्या अलीकडे मावशीचं गाव लागतं. तिथं उतरायचं, रविवारची सकाळ मावशीच्या शेतामागच्या माळावर चालायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, असा माझा दोन वर्षांचा नेम. माळ म्हणजे मुरूम, दगड, पिवळं गवत आणि मधूनमधून तरवडाची झुडपं. बघणाऱ्याला तिथं काही दिसत नाही. त्यामुळेच तो मला आवडतो. तिथं कुणी भेटत नाही आणि भेटलंच तर मावशीची पोर म्हणून पुढं जातं. मला बोलावं लागत नाही.

माझ्याकडे कॉलेजात असताना घेतलेला कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली अडीचशे मिलिमीटरची लेन्स. तिच्यातून चाळीस-पन्नास पावलांवरचं खोकड म्हणजे गवतात विसरलेली चप्पल. बरेच महिने मी याच चपलांचे फोटो काढले. चपलांचं वाईट वाटत नव्हतं. पण मे महिन्यात मावशीनं मला टिटवीचं घरटं दाखवलं आणि लेन्स हवीच असं झालं.

घरटं म्हणजे तरी काय, मुरमात वीतभर खळगा, त्याच्या काठाला शेळीच्या लेंड्या आणि खडे. आत तीन अंडी, खड्यांच्याच रंगाची. मी शाळेत हा पक्षी इंग्रजी पुस्तकात शिकले होते, त्याच्या डोळ्यांपुढच्या पिवळ्या कातडी पाळ्यांसकट. तो हाच, रोज डोक्यावर ओरडणारा, हे मला कळायला मावशी लागली.

"तीनच हायेत," मावशी म्हणाली. "तीन म्हंजी तीन महिने पाऊस. टोकं खाली हायेत, म्हंजी चांगला."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. टिटवीनं किती अंडी घातली त्यावरून पावसाचे महिने मोजतात. उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी. मृगाच्या आधी कुणाच्या तरी शेतात अंडी सापडतात, त्यांचा फोटो गावोगाव फिरतो, पेपरातही येतो. चार अंड्यांचा फोटो आला की लोक खूश असतात.

"तुझा विश्वास आहे का मावशी?"

"मागच्याला चार होती. पेरलेलं वाळून गेलं." मावशी उठली. "चल माघारी. ती वर बोंबलून राहिली अन् अंडी तापून राहिली."

हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी पन्नास पावलांवर, तरवडाच्या आडोशाला दीड तास बसले. ऊन वाढलं तसं टिटवीनं अंड्यांवर बसायचं सोडून दिलं. ती उभी राहिली, पंख किंचित सैल केले आणि स्वतःची सावली अंड्यांवर पाडली. मग जोडीदार आला. तो शेतातल्या जनावरांच्या हौदाकडून आला होता आणि त्याचं पोट भिजलेलं होतं. तो अंड्यांवर बसला. पोटाच्या पिसांतून पाणी आणून त्यांनी अंडी गार केली. मी हे क्लासमध्ये शिकवते, एका वाक्यात, परीक्षेला येत नाही म्हणून घाईत. मला त्या पिसांवरून अंड्यावर पडणाऱ्या थेंबाचा फोटो हवा होता. अडीचशेमध्ये तो येणार नव्हता आणि पुढं सरकलं तर पक्षी उठणार होता.

लातूरच्या दुकानात दोन लेन्स होत्या. एक सहाशेपर्यंत जाणारी, दोन किलोची. दुसरी चारशेपर्यंत, वजनाला तिच्या निम्म्याहून थोडी जास्त. दुकानदारानं दोन्ही काचेच्या आत ठेवूनच दाखवल्या. मी हातात मागितल्या तर म्हणाला, "घरच्यांना घेऊन या मॅडम, मग काढू." मी बरं म्हणून बाहेर आले. घरी आल्यावर दोन किलो तूरडाळीची पिशवी डोळ्यासमोर धरून आकडे मोजले. वीसला हात थरथरायला लागला. आई म्हणाली, "डाळ बघून निवडतेस की मोजून?" डाळीच्या पिशवीतून पक्षी दिसत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

म्हणून मी ग्रुपवर विचारलं. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा तो ग्रुप नांदेड आणि लातूरकडच्या लोकांचा आहे, आणि त्यात माझ्याशिवाय बाई कुणी नाही. सकाळी गुलाबाची फुलं येतात, दुपारी घुबडं. मी दीड वर्षात तिथं एक शब्द लिहिला नव्हता. मी लिहिलं: डोंगरात-माळावर चालताना हातात धरून वापरायला सहाशे घ्यावी की चारशे?

मेडिकलचं दुकान चालवणारे एक दादा आहेत, त्यांचं पहिलं उत्तर आलं. "ताई, सहाशे उचलायला सोबत भाऊ आणा." त्याखाली सात हसरे चेहरे. दुसऱ्यानं लिहिलं, "मोबाईलनेच काढा, फुलांचे छान येतात." मग सरांनी लिहिलं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ग्रुपचे थोरले, त्यांच्याकडे ती दोन किलोची लेन्स आहे. "कुणी चेष्टा करू नका. बेटा, माझी लेन्स वापरून बघ. एक रविवार ठरवू. तुला कशासाठी हवी आहे?"

मला इतकं बरं वाटलं की मी सगळं सांगून टाकलं. टिटवी, हौद, थेंब, मावशीचं शेत, बस कुठं थांबते, माळावर कुठून चढायचं. कुणी न विचारता नकाशावर खूण करून पाठवली. ती खूण आठवली की मला आजही तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं वाटतं. एका लेन्सच्या तासाभराच्या वापरासाठी मी ते घरटं देऊन टाकलं आणि वर धन्यवाद लिहिलं.

सोबत हेही लिहिलं की सहा वाजेपर्यंत या, पन्नास पावलांच्या आत कुणी जायचं नाही आणि ऊन चढायच्या आत निघायचं. सरांनी उत्तर पाठवलं: "आता तू आम्हाला शिकवणार का." पुढं हसरा चेहरा.

ते नऊला आले. दोन गाड्या, पाच माणसं. वाटेत मुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी खायला थांबले होते, ते त्यांच्या बोटांवर दिसत होतं. मेडिकलवाल्या दादांनी गाडीतून उतरताच गुटख्याची पुडी फोडली. मावशी चहाचं विचारायला बांधावर आली होती. तिनं सगळ्यांच्या पायांकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "एवढी मानसं कामून आणलीस?" मी म्हटलं, एकच तास मावशी. ती परत गेली.

मग तो ओला पट्टा.

लेन्सबद्दल खरं सांगायचं तर ती चांगली आहे. ती माझ्या कॅमेऱ्याला लावून मी तरवडाच्या आडोशाला गुडघा टेकला, डावं कोपर बरगडीला लावलं, तळहातावर लेन्सचं ओझं घेतलं आणि श्वास सोडून थांबले. आधी नुसतं गवत डोलत होतं. माझाच हात डोलत होता. मग बटण अर्धं दाबल्यावर आतून बारीक घरघर झाली, चित्र थांबलं आणि त्यात टिटवी होती. तिचा डोळा, त्यापुढची पिवळी पाळी, उघडी चोच, घशाची धडधड. उन्हानं ती धापा टाकत होती. पन्नास पावलांवरून मला तिची धाप दिसत होती. मी मनात आकडे मोजले. पंधराला खांद्यात आग झाली, लेन्स खाली घेतली, पुन्हा उचलली. अशा चार खेपा. चौथ्या खेपेला जोडीदार हौदाकडून उतरताना दिसला. पोट ओलं होतं. मी बोट बटणावर ठेवलं आणि चित्रात खाकी शर्ट आला.

लेन्समधून मला आधी कळलंच नाही. एवढ्या जवळून शर्टाची वीण दिसत होती, घामाचा नकाशा दिसत होता. लेन्स जरा बाजूला केली तेव्हा सरांचं तोंड दिसलं. ते थेट घरट्यापाशी जाऊन खाली बसले होते. टिटव्या वर ओरडत होत्या. त्यांनी कमरेच्या पाऊचमधून घडी घातलेला रुमाल काढला, उघडला आणि त्यातून एक अंडं काढलं.

मी बटण दाबलं. ठरवून दाबलं की बोट तिथंच होतं म्हणून, ते मला माहीत नाही. कॅमेरा एकामागून एक काढत गेला. सरांची बोटं, नखांत भज्याच्या बेसनाचं पिवळं, चिमटीत अंडं. त्यांनी ते चौथं अंडं तिन्हींच्या शेजारी ठेवलं. मग चारही अंडी फिरवून टोकं आत आणि खाली केली, रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसं. लेंड्या उचलून फेकल्या. मेडिकलवाल्या दादांनी आजूबाजूचे पांढरे दगड गोळा करून आणले आणि दोघांनी घरट्याभोवती गोल केला. मग सगळ्यांनी खिशातून मोबाईल काढले.

बाकीच्यांच्या लेन्स गाडीतच होत्या. कुणीही त्या आणल्या नाहीत. त्यांना गरजच नव्हती.

मी हाक मारू शकत होते. उठले, थांबले, पट्टा नीट केला. घड्याळ पाहिलं. मला घड्याळ बघता येत होतं, पण ओरडता येत नव्हतं, याचा मला अजून राग आहे. त्यांनी आळीपाळीनं फोटो काढले, मग अंड्यांसोबत स्वतःचे काढले, दादा एकदा बाजूला जाऊन थुंकले, फार बाजूला नाही. पस्तीस मिनिटं अंडी उघडी होती. मुरूम इतका तापला होता की माझ्या गुडघ्याला चटका बसत होता.

मी शेवटी चालत गेले तेव्हा सर उठत होते.

"सर, हे अंडं कुठलं?"

"दिसलं का तुला?" ते ओशाळले नाहीत. उलट गमतीत पकडल्यासारखे हसले. "येताना तळ्यापाशी दुसरं घरटं लागलं. त्यातलं."

"पण का?"

"तीनचा फोटो छापायचा का बेटा? तीन महिने म्हटलं की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. लोकांना आशा लागते."

"तळ्यापाशी आता किती राहिली?"

"तीन," सर म्हणाले. "पण तिथं कोण फोटो काढायला जातंय?"

दादा हसले. "हाव सर, तिकडं तीनच महिने पडू द्या." बाकीचेही हसले. आणि मी, हे लिहायला नको वाटतं, मीही थोडं हसले. सगळे हसतात तेव्हा माझं तोंड आपोआप तसं होतं. मग गळ्यातून पट्टा काढून लेन्स परत दिली आणि थँक्यू सर म्हणाले. मानेवर पट्ट्याचा वास राहिला होता. मावशीकडे आल्यावर मी कपड्याच्या साबणानं मान धुतली.

मंगळवारी फोटो पेपरात आला. पांढऱ्या दगडांच्या गोलात चार अंडी, टोकं खाली, यंदा चार महिने भरपूर पाऊस, छायाचित्र सरांचं. मावशीचा फोन आला.

"आपल्याच माळावरलं हाय ना ते? दगडं कुणी लावली? अन् चौथं कुठून आलं? ती आता घालायची न्हाई, लई दिवस झाले."

मी सांगितलं.

मावशीनं ऐकून घेतलं. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "त्यायला जागा कुणी सांगितली?"

"मी."

"लेन्सीपायी?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी क्लासच्या स्टाफरूममध्ये बसून मी सगळे फोटो पाहिले. सरांच्या चिमटीतल्या अंड्याचा एक अगदी स्वच्छ आला होता. रुमालाची निळी किनार, नखांतलं बेसन, अंड्यावरचा एकेक ठिपका, मागं सरांचा चेहरा ओळखू येईल इतका. मी तो ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. फोटो पुरेसा आहे असं मला वाटलं. पुढच्या तासाला मी पेशी शिकवत होते आणि फोन पर्समध्ये थरथरत होता. मला वाटलं, आता भांडण पेटलं असणार.

तास संपल्यावर उघडून पाहिलं.

"काय शार्प आहे."

"लई भारी. हातात धरून काढला का ताई?"

"ठिपके मोजता येतात. लेन्सला तोड नाही."

मेडिकलवाले दादा: "म्हणून म्हटलं होतं, हीच घ्या."

आणि सर: "छान टिपलंस बेटा. पहिल्यांदा हातात धरून हे म्हणजे कमालच. फक्त डोक्यावर जागा थोडी कमी सोडलीस."

मी ते परत परत वाचलं. कुणी आडून बोलत नव्हतं, कुणी सावरून घेत नव्हतं. त्यांना खरोखरच त्यात दुसरं काही दिसलं नव्हतं. स्टाफरूमच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले, तिथं कुणीतरी पान खाऊन चूळ टाकली होती. मी ग्रुप सोडला. सोडताना कारण लिहावं लागत नाही, हे बरं आहे.

शनिवारी मावशी आणि मी माळावर गेलो. वर कुणी ओरडत नव्हतं, त्यावरूनच कळलं. पांढऱ्या दगडांचा गोल लांबूनच दिसत होता. आम्हाला दिसत होता तसा कावळ्याला, कुत्र्याला, मुंगसाला, सगळ्यांनाच दिसत असणार. दोन अंडी नव्हती. एक फुटून वाळलं होतं आणि त्यात मुंग्या होत्या. उरलेलं एक अख्खं होतं. मावशीनं उचलून कानापाशी हलवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. वास मलाही आला. आमचं कोणतं आणि तळ्याचं कोणतं, हे आता सांगता येत नव्हतं. पलीकडे पुडीचा चमकता कागद पडला होता.

मावशीनं पांढरे दगड एकेक करून ओच्यात भरले आणि बांधापाशी नेऊन ओतले. मी मदत करायला वाकले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू कागद उचल."

मी उचलला.

पुढच्या आठवड्यात लातूरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "घरच्यांना आणलं का?" मी म्हटलं, "नाही. काच उघडा." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. त्यानं उघडली. मी चारशेची हातात घेतली, कोपर बरगडीला लावलं आणि रस्त्यापलीकडच्या तारेवरच्या कबुतरावर धरून आकडे मोजले. साठपर्यंत हात हलला नाही.

"वाईल्डलाइफला सहाशेच लागते मॅडम," तो म्हणाला. "ही कमी पडेल."

"उरलेलं मी बसून भागवीन."

सहाशेमधून किती दिसतं ते मला माहीत आहे. पण ती घेतली तर स्टँड लागेल, स्टँड आला की गाडी, गाडी आली की कुणाला तरी विचारणं, आणि विचारलं की ते म्हणणार, कशासाठी हवी आहे, कुठं निघालीस. चारशेची माझ्या पाठीवरच्या पिशवीत दुपट्ट्यात गुंडाळून राहते. एसटीत मांडीवर मावते. तिचा पट्टा मी सुती घेतला आणि दर आठवड्याला धुते.

टिटव्यांनी पुन्हा अंडी घातली. या वेळी माळावर नाही, मावशीच्याच नांगरटीत, ढेकळांमध्ये. मावशीनं तेवढा तुकडा न वखरता ठेवला. मी बांधावर, बाभळीखाली, आणखी लांब बसते. चारशेमध्ये पक्षी चित्राचा चौथा भागही भरत नाही. थेंब एकदाही आला नाही. पोट ओलं आहे एवढं कळतं, तेही मी सांगितलं तर.

एका रविवारी तिथंच बसले होते तेव्हा सरांचा फोन आला. मावशी शेजारी भाकरी सोडत होती.

"ग्रुप का सोडलास बेटा? नवीन लेन्स घेतलीस म्हणे. मावशीच्या माळावर काही हालचाल?"

समोर नर हौदाकडून येत होता. मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

"नाही सर. काहीच नाही."

"टिटवी?"

"गेली सर."

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "काही दिसलं तर कळव."

"हो सर."

मावशीनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडं केला. फोनमुळे कान गरम झाला होता. मी तो ओढणीनं पुसला आणि मग हात धुवायला उठले.